मांड्याला पडलेलं भोक

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही. आज आईला घेऊन जळगावजवळच्या गावात आलेय. बाबांच्या नोकरीमुळे ती इथे राहायची, माझ्या जन्माआधी. गाडीत तिचं एकच चालू होतं, “कोणी ओळखलंच नाही तर?”

आणि तस्संच झालं. तेव्हाच्या शेजारीण सुमनमावशी अंगणात खापरावर मांडे भाजत होत्या. आईने नाव सांगितलं तरी त्यांनी मान हलवली. “आठवत नाही वं बाई.” आईचा चेहरा इतका पडला की मला तिथून निघावंसं वाटलं.

पण आई हात धुऊन त्यांच्याशेजारी बसली. पुरण भरलेली लाटी घेऊन हातांवर फिरवत मोठी करायला लागली आणि अंगठा घुसून मधोमध भोक पडलं.

मावशी हसत सुटल्या. “अवं पुष्पे, तू व्हय! किती येळा सांगितलं, अंगठा आत घालू नको!”

चेहरा पार बदलतो, पण हातांच्या खोडी तशाच राहतात, किती बरंय ना? मी तो फाटका मांडा दुधात बुडवून खातेय आणि दोघींच्या गप्पा संपत नाहीयेत. तुमच्याकडे कोणाला असं जुन्या चुकीवरून ओळखलंय का?