मामांच्या शेळ्या आणि सुबाभळीचा पाला

चांगली गोष्ट बेतानं करणं आमच्या मामांना जन्मात जमलं नाही. खोकल्याचं औषध चमचाभर सांगितलं तर ते बाटलीच तोंडाला लावणार. वेल्डिंगच्या दुकानात दोन टाके पुरतील तिथे ते सगळी कडा भरून काढत. त्यांनी जोडलेलं फाटक कधी निखळलं नाही. काही तर पुन्हा उघडलीही नाहीत.

हात थरथरू लागल्यावर दुकान बंद झालं आणि त्याच पत्र्याच्या शेडमध्ये शेळ्या आल्या. त्यातली एक तांबूस शेळी जन्मताच पोरकी झालेली. मामींनी तिला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजलं होतं. आता ती पहिल्यांदा गाभण होती आणि मामी तिच्याभोवती सुनेचं बाळंतपण असल्यासारख्या घुटमळत.

मागच्या कुंपणाला सुबाभळी होत्या. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा पाला सरकीच्या पेंडीच्या तोडीचा आहे, पण तीन वाट्यांत एकच वाटा द्या, बाकी कोरडं गवत. मामांनी ‘पेंडीच्या तोडीचा’ इथपर्यंत ऐकलं आणि कान मिटले. मामी गवताची पेंडी आणून ठेवत, मामा ती बाजूला सारत. म्हणत, घरच्या लेकीला कोणी भुसा वाढतं का? अति तेथे माती ही म्हण त्यांना पाठ होती, फक्त ती इतरांसाठी आहे अशी समजूत होती.

सुरुवातीला शेळ्या तुकतुकीत झाल्या, दूध वाढलं. मामा गल्लीत प्रत्येकाला थांबवून पाल्याचे गुण सांगत. लोक लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले.

मग एका सकाळी तांबूस शेळीच्या पाठीवरून हात फिरवताना मामींच्या मुठीत केसांचा झुबका आला. मामा म्हणाले, उन्हाळा आहे, हलकी होतेय. गळ्याशी फुगवटा दिसला, तेव्हा म्हणाले, बाळसं धरलंय.

ती व्याली तेव्हा दोन्ही करडं मेलेली जन्मली. अंगावर लव नव्हती, गळ्याशी गाठी होत्या. डॉक्टरांनी खाली बसून त्या गाठी चाचपल्या.

“पाला चांगलाच आहे, मामा,” ते म्हणाले. “नुसताच दिलात ना?”

मामांनी होकारार्थी मान हलवली. डॉक्टर गेल्यावर ते कोयता घेऊन कुंपणाकडे निघाले. मामी आडव्या आल्या नाहीत, नुसत्या दारातून बोलल्या.

“झाडाला कशाला मारता? त्यानं म्हटलं होतं का, मलाच खा म्हणून?”

मामा तिथेच थांबले. मग मागे फिरून त्यांनी त्याच कोयत्यानं गवताची पेंडी बारीक केली, घमेल्यात टाकली, वर मूठभर पाला घातला आणि ते शेळीपुढे धरलं.

तिनं तोंड फिरवलं. करडं जिथे ठेवली होती, ती ओली जागा ती हुंगत होती.

मामींनी मामांच्या हातातलं घमेलं घेतलं. “तुम्ही जरा बाहेर जा,” त्या म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं शेडमधून रवंथ ऐकू येऊ लागलं. मामा बाहेर, आपणच कधीकाळी पक्कं जोडलेल्या फाटकाला टेकून उभे होते.