बबनकाकांचा कान

मी ड्रम वाजवायला लागले की बबनकाका मेट्रोनोम, ठेका मोजणारी टिकटिक डबी, मांडीखाली सारायचे. टिकटिक ऐकू येईनाशी व्हायची आणि मी एकटी पडायची. थोड्या वेळानं ती डबी बाहेर काढायचे. माझा ठोका तिच्या पुढंमागं निघाला की विचारायचे, "कुठं गेलती?" बरोबर निघाला तर काहीच बोलायचे नाहीत. कौतुक हा प्रकार त्या माणसानं आयुष्यात कुणाला दिला नसावा.

नागपूरकडच्या तळेगावात त्यांचं पशुखाद्याचं दुकान आहे. मागच्या गोदामात, सरकीच्या ढेपीच्या पोत्यांमध्ये ड्रमसेट. तरुणपणी ते नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. मी भावाच्या कापडदुकानात बसते. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की त्यांच्याकडे स्विंग, म्हणजे डुलता ठेका, शिकायला जायची. स्विंगमध्ये एका ठोक्याचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब, दुसरा आखूड. "कडब्याची कुट्टी सारखी कापली तं जनावर खाते," काका म्हणायचे, "ठोके सारखे कापले तं माणूस झोपते."

मेट्रोनोमची टिक पहिल्या ठोक्यावर धरू द्यायचे नाहीत. ती चार ठोक्यांतल्या दुसऱ्या आणि चौथ्यावर यायला हवी. पहिला आपला आपण शोधायचा. मी चुकले की, "मशीन तुही माय नाई, बोट धरून चालवाले." एकदा तर दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "कापडदुकानातली पोरगी हाय. मीटर मोजते, ठोका नाई मोजत." सगळे हसले. मला त्या माणसाचा मनापासून राग यायचा. तरी जात राहिले. माणूस तुसडा आहे, पण लयीच्या बाबतीत खोटं बोलणार नाही, असं मी धरून चालले होते.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या त्या जुन्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम जाम गावाजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर होता. मी ऐकायला गेले होते; त्यांचा ड्रमर ऐनवेळी आजारी पडला आणि त्याच्या जागी मी तीन गाणी वाजवली. ऑर्केस्ट्राचे मालक खूश झाले. कायमची जागा आहे, कळवतो, म्हणाले. मी घरी भावाला सांगूनही टाकलं की आता दुकानासाठी दुसरं माणूस बघ.

फोन आलाच नाही. शेवटी मीच केला. मालक म्हणाले, "बबन से पूछा था. बोला, लड़की की लय कच्ची है. हमने दूसरा रख लिया, बेटा."

मी तशीच गोदामात गेले. काका पोत्याचं तोंड शिवत होते.

"माही लय कच्ची हाय का, काका?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "नाई."

"मंग तसं काऊन सांगतलं?"

सुई पोत्यात अडकली होती. ती ओढत ते म्हणाले, "तू गेल्यावर इथं कोण येते? मी काय ढेपीसंगं वाजवू?"

मला दया यायला हवी होती. आली नाही. माझ्यावाचून करमणार नाही एवढंच बोलले असते, तर कदाचित मी विचार केला असता. त्यांनी माझ्या लयीबद्दल खोटं सांगितलं.

परत गेले नाही. बाजारात दिसतात, मी रस्ता बदलते. घरीच वाजवते. मेट्रोनोम एवढंच सांगतो की मी वेळेत आहे. ठोका डुलतोय की नाही, हे त्याला कळत नाही. ते कळणारा पंचक्रोशीत एकच कान आहे, आणि आता त्यानं हो म्हटलं तरी माझा विश्वास बसायचा नाही.