साळोबाची चौथी भिंत

साळोबाच्या स्वयंपाकघराला तीनच भिंती होत्या. आमच्या पिढीतल्या कुणाच्याही हे कधी लक्षात आलं नव्हतं.

साळोबा म्हणजे कार्टूनमधलं साळिंदर. लोकांच्या मोडक्या वस्तू नीट करून देणारं. पाठीवरचा एक काटा उपटायचा, त्याने स्क्रू फिरवायचा, काटा परत खोचायचा. छत्री, घड्याळ, शिट्टी. एका भागात तर त्याने एका बदकाचा बसलेला आवाज दुरुस्त करून दिला. शेवटी टेबलाशी बसून म्हणायचा, "झालं बुवा एकदाचं!" आम्हीही म्हणायचो. गृहपाठ संपला की, ताप उतरला की, पाहुणे गेले की. पाहुण्यांच्या वेळी मार बसायचा.

हे सगळं एकाच खोलीत घडायचं. समोर खिडकी आणि तिच्याखाली भांडी घासायची जागा. डावीकडे बरण्यांचं फडताळ. उजवीकडे दार. मधे टेबल आणि दोन खुर्च्या. चौथ्या भिंतीच्या जागी आम्ही बसलेलो असायचो, आपापल्या घरी, तोंड उघडं टाकून.

ती खोली रंगवणारे ते बीजीकाका. बीजी म्हणजे बॅकग्राउंड. जुन्या पद्धतीत खोली एका कागदावर रंगवायची आणि हलणारी पात्रं पारदर्शक कागदावर काढून तिच्यावर ठेवायची. पात्रं काढणारे दुसऱ्या टेबलावर बसत. काकांनी आयुष्यभर फक्त रिकाम्या खोल्या रंगवल्या.

"माणूस आत आला की माझं काम संपलं," ते म्हणायचे. "मी आपला घर लावून देणारा. राहणारे दुसरे."

मी साहित्यात एम.ए. केलं आणि नव्या साळोबाच्या लेखन विभागात लागले. बाबा म्हणाले, "एवढं शिकून कार्टून?" आई म्हणाली, "साळोबा ना? मग असू दे." माझं काम होतं जुने भाग बघणं, आणि काकांकडे जाऊन हवं ते विचारून येणं.

ते एका इमारतीच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहत. खोलीत पलंग, एक खुर्ची, एक शेगडी. मी गेले की खुर्ची मला देत आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसत. भिंतींवर एकही चित्र नव्हतं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "स्वयंपाक्याच्या घरी जाऊन बघ, पोळीला नुसती चटणी असते." मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

कामाचं बोलणं लवकर संपायचं. मग मी बसून राहायचे. ते आग्रह करत नसत, आणि उठ असंही म्हणत नसत. महिनाभरात कधीतरी आमची मैत्री झाली असावी. मी आजारी पडले तेव्हा ते संत्री घेऊन आले आणि ती दारातच देऊन परत गेले.

नव्या मालिकेची दिग्दर्शिका माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. साळोबावरच वाढलेली. तिनेच काकांना बोलावलं. खोली संगणकात उभी केली होती. मॉडेलरने, म्हणजे ती उभी करणाऱ्या मुलाने, माउस फिरवला. कॅमेरा खिडकीवरून निघाला, बरण्यांवरून गेला, वळला, आणि पुढे सगळं काळं.

"बघा काका," मॉडेलर म्हणाला. "कॅमेरा फिरला की अंधार. सध्या साळोबा अंतराळात राहतो."

"पूर्वी कॅमेरा फिरायचा नाही," काका म्हणाले.

"आता फिरतो. न फिरवून चालत नाही. मुलांना थांबलेलं चित्र बघवत नाही."

दिग्दर्शिका त्यांच्याजवळ सरकून बसली. "काका, आम्ही सगळे त्या स्वयंपाकघरात वाढलोय. म्हणून म्हणते, ही भिंत तुम्हीच काढा. नाहीतर हा सॉफ्टवेअरला सांगेल आणि ते बाकीच्या तिघींवरून चौथी आपोआप भरून टाकेल. वाईट नाही भरत. पण..."

"पण मग ते घर माझं नाही राहणार," काका म्हणाले.

"महिन्याअखेरीला खोली पक्की करायचीय."

"देतो."

पण देईनात. मी जायचे तेव्हा पलंगावर कागद पसरलेले असत. एकावर कपाट. एकावर आरसा. एकावर कोट अडकवायच्या खुंट्या. सुरेख रंगवलेलं सगळं. आणि प्रत्येक कागद मधोमध फाडलेला.

"काय वाईट आहे याच्यात?" मी विचारलं.

"खोटं आहे."

"काका, साळिंदराचं घर आहे हो! काहीही काढलं तरी खोटंच."

"साळिंदर खोटं आहे," ते म्हणाले. "घर नाही."

मग हळूहळू निघालं. तुकड्यातुकड्याने, मधे मधे दुसरंच काही बोलत. ते स्वयंपाकघर त्यांचं होतं. लग्नानंतरचं. पहिल्या भागाच्या वेळी कल्पना सुचेना, तेव्हा ते घरी एक बुटकं स्टूल घेऊन भिंतीला पाठ लावून बसले आणि समोर दिसलं ते काढलं. पुढे सवयच लागली. सकाळचा उजेड, संध्याकाळचा उजेड, पावसाळी उजेड, सगळं त्या स्टुलावरून. ते घर पुढे रस्त्यात गेलं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मूळ चित्रं रद्दीत गेली.

"आणि पाठीमागची भिंत?"

"पाठ लावून बसायचो ना. पाठीला काय दिसतं?"

"पण राहत होतात तुम्ही तिथे. येता-जाता..."

"आठवत नाही." ते कितीतरी वेळ हाताला लागलेला रंग खरवडत राहिले. "तिला माहीत असेल."

काकू होत्या हे मला तेव्हा कळलं. वारल्या नव्हत्या. त्याच शहरात बहिणीकडे राहत होत्या. त्या निघून गेल्यानंतर दोघांचं बोलणं झालेलं नव्हतं.

"तूच फोन कर," काका म्हणाले. "साहित्याची आहेस. शब्द असतील तुझ्याकडे."

माझ्याकडे कसले शब्द असणार? मी फोनवर माझं नाव सांगितलं, काकांचं सांगितलं आणि भिंतीचं सांगितलं. मग काकू म्हणाल्या, "ज्याला भिंत हवी त्याने यावं की."

आम्ही बसने गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉलरच्या आत इस्त्री पोचली नव्हती. बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि पूर्ण वेळ समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले.

काकूंनी दार उघडलं. लहानखुऱ्या, ताठ, डोळ्यांवर जाड चष्मा.

"वाळलात," त्या म्हणाल्या.

"तू तशीच आहेस."

"चष्मा बदला." मग माझ्याकडे वळून, "तू ये गं आत. बसा."

आतल्या खोलीतून बहिणीचा आवाज आला. "कोण आलंय?"

"कोणी नाही गं. भिंतीची चौकशी करायला आलेत."

चहा आला. काका कपाकडे बघत होते. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मी मधे बसले होते आणि माझे सगळे शब्द बस घेऊन पुढे गेले होते.

"काय गं," काकूंनी मलाच विचारलं, "तुझ्याशी बोलतात का हे?"

"बोलतात की."

"नशीबवान आहेस. माझ्याशी एकच वाक्य बोलायचे. मी टेबलाशी बसलेली असायची, भाजी निवडत नाहीतर नुसतीच. हे स्टुलावर. आणि म्हणायचे, 'जरा बाजूला हो, खिडकी झाकली जातेय.'" त्या हसल्या. खरंच हसल्या. "मी व्हायची बाजूला. मग म्हणायचे, 'अजून जरा.' एक दिवस झाले ती झालेच."

काकांनी कप खाली ठेवला. "पात्रं काढायचं काम माझ्याकडे नव्हतं," ते म्हणाले. इतकं हळू म्हणाले की तक्रार होती की माफी, मला कळलं नाही.

"हो. ते माहितीये मला." काकूंनी चष्मा पुसला. "असो. भिंत ना? पिवळट होती. वर डाव्या कोपऱ्यात ओल आलेली. आणि तुमच्या डोक्याच्या बरोबर वर एक खिळा."

"खिळ्याला काय होतं?"

"काही नाही. मोकळा खिळा. आधीच्या भाडेकरूंचा असेल. मी रोज समोर बघायची. खाली तुमचं डोकं, वर तो खिळा. वाटायचं, कधीतरी हे मान वर करतील, वळून बघतील आणि म्हणतील, अगं, इथे काहीतरी लावू या."

आतून बहीण म्हणाली, "तू का नाही लावलंस मग?"

"तू झोप गं!" काकू ओरडल्या.

निघताना काकूंनीच विचारलं, "त्या साळिंदराचं काय? अजून दुरुस्त्याच करतंय?"

"आता पळत पळत करतं," काका म्हणाले.

"बाई!"

"बघ लागलं की. भिंत येईल त्याच्यात."

"बघेन," काकू म्हणाल्या.

भिंत त्याच आठवड्यात झाली. पिवळट, डाव्या कोपऱ्यात ओल, वर खिळा. आणि खिळ्याखाली बुटकं स्टूल, त्याला टेकवलेला चित्राचा बोर्ड. स्टुलावर कोणी नाही. मी चित्र हातात घेतलं आणि आधी मला काही वेगळं वाटलं नाही. मग कळलं. हे टेबलाशी असलेल्या खुर्चीवरून काढलं होतं. काकूंच्या जागेवरून.

दिग्दर्शिकेने ते खूप वेळ पाहिलं. "खिळ्याला काही लटकवायचं का काका? टोपी, किल्ल्या?"

"नको. लटकवू नका."

"नाही लटकवत," ती म्हणाली, आणि तिने शब्द पाळला. मॉडेलरने ओलीचा डागसुद्धा जसाच्या तसा उतरवला. महिन्याअखेरीला साळोबाच्या घराला चार भिंती होत्या, आणि चारही काकांच्या.

मालिका लागायच्या आधी तिचा पहिला भाग काही मुलांना दाखवला. मी हजर होते. साळोबा घसरत आला, बरण्यांवर आपटला, पोरं खिदळली. मग कॅमेरा सावकाश वळला आणि चौथी भिंत आली. दोघं उठून पाणी प्यायला गेले. एक पोरगी बाजूच्याला चिमटे काढायला लागली. साळोबा परत दिसेपर्यंत कुणाचंच लक्ष नव्हतं.

दिग्दर्शिकेने दोन दिवस तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. मग तिने तो तुकडा कापला. पुढच्या भागांतही कॅमेरा पूर्ण फिरवायचा नाही असं ठरलं. पोरांना साळोबा हवा होता, खोली नको होती.

"तू सांगशील का त्यांना?" तिने मला विचारलं. तिचे डोळे लाल होते. मी तिच्यावर रागावू शकले नाही.

काकांनी ऐकून घेतलं. मान हलवली. "उठून जात होती का पोरं?"

"दोघंच."

"मग बरोबर आहे तिचं." थोड्या वेळाने म्हणाले, "पण तिकडे ती बघत बसेल गं. ती बघेन म्हणाली की बघते."

या वेळी फोन त्यांनीच लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"मी बोलतोय. ... हो, मीच. ... ती भिंत येत नाहीये. ... नाही, कापली. ... नाही, चांगली झाली होती. ... खिळा रंगवला होता ना. तू म्हणालीस तिथेच. ... नाही, दुसरं काही नव्हतं. ... बरं."

ते बरंच ऐकत उभे राहिले. मला वाटलं काकू बोलताहेत. मग लक्षात आलं, फोन केव्हाच बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत स्टुडिओत आले. मॉडेलरला म्हणाले, "ते घर आहे ना अजून?"

"आहे की काका. घर कुठे जातंय?"

"कॅमेरा कुठेही ठेवता येतो?"

"म्हणाल तिथे."

"टेबलाशी ठेव. खिडकीजवळच्या खुर्चीवर. बाई बसली तर डोळे जिथे येतील तेवढ्या उंचीवर. लहानखुरी बाई."

मॉडेलरने माझ्याकडे पाहिलं. त्याने कॅमेरा खाली आणला, थोडा वर घेतला, परत थोडा खाली. पडद्यावर भिंत आली.

"साळोबाला बसवू का स्टुलावर?" त्याने विचारलं. "नुसतं बरं नाही दिसत."

काका स्टुलाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तू जेवून ये."

तो गेला. इतर टेबलांवरचे लोकही जेवायला गेले. काका हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले. मी भारावून जाणारी मुलगी नाही. साहित्य शिकताना आम्हाला रडवणारं पुष्कळ वाचायला लावतात, आणि मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. पण त्या दिवशी मला उठून खिडकीपर्यंतही जाता येईना.

हात लावला नाही म्हणून पडदा आपोआप काळा झाला. काका दचकले. "माझ्याकडून काही बिघडलं का?"

"नाही काका, तो झोपतो," मी म्हटलं आणि माउस हलवला. भिंत परत आली.

थोड्या वेळाने पुन्हा काळा झाला. मी पुन्हा हलवला.

पुढच्या वेळी मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो हळूच बाजूला सारला, आणि माउस स्वतः हलवला.