गुडघ्याच्या निम्म्यावर पायरी

नातू ओंकार फोनवर म्हणाला, "आजी, आमची पहिली मोठी जीप तयार झाली, बघायला ये." मी लगेच पिशवीत दोन लुगडी अन् शेंगदाण्याचे लाडू भरले. सून म्हणाली, "एकट्या जाणार?" म्हटलं, एसटीत पन्नास माणसं असतात की!

तिसगावहून सकाळची नगरची गाडी धरा, खिडकी मिळते. मी पंच्याहत्तरीच्या पुढची, मला तिकीट नाही. करंजीचा घाट चढताना मालकांची फार आठवण आली. आमचे मालक सुतार, बसायच्या बैलगाड्या, दमण्या करायचे. या घाटात बैलांना दम लागायला नको म्हणून स्वतः उतरून चालायचे. मला मात्र उतरू द्यायचे नाहीत. असो. नगरला गाडी बदलायची, दोन स्टँडांमध्ये रिक्षाला चाळीस रुपये पडले. पुढचा रस्ता हाडं मोजतो, कमरेला चादरीची घडी घ्या. राहुरीला चहा-भजी बरी मिळाली. मग दोन्ही बाजूंना ऊसच ऊस! आमच्याकडं बाजरी पोटरीला आली तरी आम्ही हरखतो.

कोपरगावात ओंकार आणि त्याचा भागीदार फिरोज यांची शेड आहे. लोकांच्या जुन्या गाड्या हौसेप्रमाणे बदलून देतात. फिरोज वेल्डिंग अन् रंग बघतो, ओंकार बाकीचं. जीप अशी चकाकत होती की मी पदरानं उगाचच पुसली. ही केवढाली चाकं!

"बस आजी, चक्कर मारू," ओंकार म्हणाला.

पाय उचलला, पोचेना. परत उचलला. फिरोज स्टूल घेऊन धावला.

"हिच्यात बसणार कोण?" मी विचारलं.

"भास्करराव, बागायतदार हायेत. त्यांच्या वडलांची जीप हाय, आईला तिच्यातनं शेत दाखवायचंय. उद्या सकाळी आईला घेऊनच येणार हायेत. पसंत पडली तर सगळ्या पाव्हण्यांच्या गाड्या आपल्याकडं धाडतो म्हणाले," ओंकारनं सांगितलं.

"अन् आईचं वय?"

दोघांनी स्टुलाकडं बघितलं. गाडी उंच करायच्या नादात म्हातारीचा विचारच राहून गेला होता.

"पायरी लावा," मी म्हटलं.

"आजी, टेम्पो दिसंल गं ती! सगळी शान जाईल," ओंकार कुरकुरला.

मग मी त्यांना मालकांची रीत सांगितली. दमणी करायची तर आधी जमिनीपासून घरातल्या बाईच्या गुडघ्यापर्यंत दोरी लावून माप घ्यायचं, त्याच्या निम्म्यावर पहिली पायरी. आमची दमणी केली तेव्हा भर अंगणात त्यांनी माझ्या गुडघ्याला दोरी लावली. मी लाजून पदरात तोंड लपवलं. सासूबाई ओरडल्या, "आरं, गाडी करतोस का चोळी शिवतोस?" मालक मान वर न करता म्हणाले, "चढताना हिला कुनाचा हात धरावा लागाया नको."

ओंकार जीपच्या दाराशी उकिडवा बसून उंची बघू लागला. फिरोजनं टेप आणली. "पन आजी, त्या आजींचं माप कुठंय?"

"माझंच घे. म्हातारपणी सगळ्यांचे गुडघे सारखेच कुरकुरतात."

दुपारभर ठिणग्या उडाल्या. दोन पायऱ्या बसल्या, काळा रंग लागला.

सकाळी भास्कररावांनी जीपभोवती फेरी मारली आणि पायऱ्यांपाशी थांबले. "हे काय? तुम्ही धाडलेल्या फोटोत तर नव्हतं."

ओंकारचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या आई पुढं आल्या. भास्कररावांनी हात दिला, तो त्यांनी बाजूला सारला. एक पायरी, दुसरी पायरी, अन् म्हातारी सीटवर! बसल्यावर समोरच्या लोखंडावरून हात फिरवला, डोळे टिपले.

"भास्कर, उभा काय ऱ्हायलास? उसाकडं घे."

भास्करराव हसले, चावी फिरवली. धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही तिघं रस्त्याकडं बघत उभे होतो.

घरी येऊन आठ दिवस झाले. अंग अजून दुखतंय, पण परत जाईन. मालकांनी केलेली एकही दमणी आता गावात उरली नाही. लाकूड कुठं कुठं चुलीत गेलं, बघवलं नाही. त्यांचं काम संपलं असं मी धरून चालले होते. काल ओंकारचा फोन आला. भास्कररावांच्या मेव्हण्याची गाडी आली म्हणे. मी विचारलं, "काय काय करायचंय तिचं?"

"ते मागनं ठरवू आजी. आधी त्यांच्या घरी टेप घिऊन चाललोय."