गोलकीपर सेल्विनची कंबर

माझी धाकटी बहीण आरासेली हिला देवाने डोळे दिले, शिवणकाम दिलं, गोड गळा दिला आणि मग कंटाळून की काय, नवरा म्हणून सेल्विन मोंतेरोसो दिला.

सेल्विन उंच होता. त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं तर एवढंच. उंची बघून लहानपणीच त्याला कुणीतरी गोलमध्ये उभं केलं आणि तो तिथेच उभा राहिला. आमच्या ला लोमेरा गावाचा क्लब तेव्हा खालच्या लीगमध्ये धडपडत होता. मग एका वर्षी काय झालं कोण जाणे, पोरं जिंकतच गेली आणि आमचं कॉफीच्या उतारावरचं, एका बाजारपेठेचं गाव थेट ग्वातेमालाच्या पहिल्या लीगमध्ये जाऊन बसलं. राजधानीचे संघ आता आमच्याकडे खेळायला येणार होते. माणसं रस्त्यात मारिम्बाच्या लाकडी पट्ट्या बडवत नाचली. पाद्रीबाबांनी गोलचे खांबसुद्धा पवित्र पाण्याने शिंपडले.

त्या हंगामासाठी क्लबने तीन गोलकीपर नोंदवले. पहिला राजधानीहून आणलेला, दुसरा किनाऱ्याकडचा, तिसरा आमचा सेल्विन. तिसऱ्या गोलकीपरचं काम म्हणजे सरावात बाकीच्यांना चेंडू फेकून देणं आणि सामन्याच्या दिवशी चांगले कपडे घालून बसणं. यातलं दुसरं काम सेल्विनने मन लावून केलं.

क्लबचा निळा ट्रॅकसूट त्याच्या अंगावरून वर्षभर उतरला नाही. बाजारात तोच, लग्नात तोच. आमच्या मावशीच्या मयतीला काळे कपडे घातलेल्या माणसांत हा निळा उभा, आणि शवपेटी खांद्यावर घ्यायची वेळ आली तर म्हणाला, "ताई, मला खांद्याला जपावं लागतं. लीग चालू आहे."

माझी खानावळ बसथांब्याला लागून. तिथे तो रोज दुपारी यायचा, काळा घेवडा, तळलेली केळी, दोन अंडी हाणायचा आणि प्रवाशांना सांगायचा, "पेनल्टीला मी चेंडूकडे बघतच नाही. मारणाऱ्याच्या गुडघ्याकडे बघतो."

"आजवर किती अडवल्यास रे?" मी विचारायची.

"लीगमध्ये अजून वेळ आली नाही, ताई."

"मग गुडघे तरी किती बघितलेस ते सांग."

प्रवासी हसायचे. तोही हसायचा. टोमणा लागायला आत काहीतरी असावं लागतं.

गावही तसलंच. पोरी त्याच्याकडून वहीवर सह्या घ्यायच्या. न्हावी त्याची दाढी फुकट करायचा. खरे खेळणारे, म्हणजे उदाहरणार्थ डावा बचावपटू नेफ्ताली, त्याला कोणी ओळखायचंसुद्धा नाही. नेफ्ताली बुटका, गप्प, वीटभट्टीवर वाढलेला. दर रविवारी नव्वद मिनिटं धावून गुडघे सोलून घ्यायचा आणि सोमवारी माझ्याकडे येऊन खाली मान घालून रस्सा प्यायचा.

हंगाम घसरत घसरत शेवटच्या रविवारपर्यंत आला. सामना घरच्या मैदानावर होता आणि बरोबरी झाली तरी आम्ही पहिल्या लीगमध्ये टिकणार होतो. पण आदल्या सामन्यात पहिल्या गोलकीपरने एकाला लाथ घालून लाल कार्ड घेतलं होतं आणि गुरुवारी सरावात दुसऱ्याचं बोट मोडलं.

राहिला सेल्विन.

गावाला वेडच लागलं. आपल्या मातीतला पोरगा गाव वाचवणार म्हणून शनिवारी दिवसभर फटाके फुटले. सेल्विन माझ्याकडे जेवायला आला तो मागे वीस माणसं घेऊन. जेवला मात्र काही नाही. ताटातलं केळं काट्याने इकडून तिकडे सरकवत राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी आरासेलीचा निरोप आला, की तो उठत नाही. मी गेले. हा पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टर येऊन गेला होता, त्याला काही सापडलं नव्हतं. प्रशिक्षक बाल्दोमेरो मास्तर खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसले होते. बिचारे वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

"कुठे दुखतंय, बाळा?"

"कंबर, मास्तर."

"काल तर नाचत होतास."

"त्यानेच भरली असेल."

"सेल्विन, भीती सगळ्यांनाच वाटते. मलाही वाटते. तू नुसता उभा राहा, बाकीचे तुझ्यापुढे भिंत बांधतील."

"भीती नाही हो मास्तर. कंबर आहे."

मास्तरांनी टोपी हातात फिरवली आणि आरासेलीकडे बघितलं. तिने त्याचे हातमोजे आणून खाटेवर ठेवले. मग तो उठला.

मैदानावर सामन्याआधी गोलकीपरला चेंडू मारून त्याचं अंग मोकळं करतात. सेल्विन आला तेव्हा सगळं गाव उभं राहिलं. एक चेंडू आला, सरळ, सावकाश, माझ्या आजीने झेलला असता असा. सेल्विनने त्याच्या उलट्या बाजूला झेप घेतली, पडला आणि पडूनच राहिला. स्ट्रेचर आलं. नेताना त्याने एक हात उचलून प्रेक्षकांकडे हलवला आणि माझ्या आसपासच्या बायका पदर नाही तर ॲप्रन डोळ्यांना लावून रडायला लागल्या.

हातमोजे घालायला कोणी पुढे येईना. शेवटी नेफ्ताली आला. मोजे त्याच्या हाताला मोठे होते, मनगटाला पट्टी गुंडाळून बसवले. त्याने पहिल्या अर्ध्यात चार चेंडू अडवले, त्यातला एक तोंडाने. नंतर दोन गोल खाल्ले. आम्ही एकच मारला. ला लोमेरा पहिल्या लीगमधून खाली गेलं.

आणि गावाने काय करावं? नेफ्तालीवर संत्र्याच्या साली फेकल्या. "तुझ्या बुटक्याला कोणी सांगितलं होतं?" म्हणून त्याच्या आईला भट्टीवर जाऊन विचारलं. सेल्विनच्या दारात मात्र पपया आणि कोंबड्या यायला लागल्या. दुखावलेला वीर!

दोन दिवसांनी मीही रस्सा घेऊन गेले, बहिणीसाठी. मागच्या दाराने शिरले तर जावईबापू छपरावर. एका हाताने पाण्याच्या टाकीला धरून, दुसऱ्या हाताने टीव्हीचा अँटेना फिरवत, कमरेत असा वाकलेला की सर्कसवाल्यांनी उचलून न्यावा.

मला बघून तो शिडीवरून उतरला. शेवटच्या दोन पायऱ्या लंगडत.

"आज जरा बरं वाटतंय, ताई."

मी रस्सा परत घेऊन निघाले. आरासेली दाराशी भेटली. तिला सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "चेंडू एकीकडे आणि हा दुसरीकडे गेला, तेव्हाच कळलं."

"आणि गप्प बसलीस?"

"माझा तो नवरा आहे, ताई. गोलकीपर गावाचा होता. गावाने बघावं." आणि माझ्या हातातलं भांडं काढून घेऊन ती आत गेली.

मी गप्प बसले नाही. खानावळीत येईल त्याला छपराची गोष्ट सांगितली. लोक म्हणाले, ओदिलियाच्या, म्हणजे माझ्या, पोटात दुखतं. न्हाव्याने तर माझ्याकडे येणंच बंद केलं.

नेफ्ताली त्याच महिन्यात गाव सोडून किनाऱ्याकडे गेला, ऊस वाहणाऱ्या ट्रकवर लागला. सेल्विनने गोलकीपर घडवणारी शाळा काढली. अजून चालते. आठवड्यातून तीनदा पंधरा-वीस पोरं धुळीत उड्या मारतात आणि हा खुर्चीत बसून त्यांना शौर्य शिकवतो.

गेल्या उन्हाळ्यात नेफ्ताली ट्रक घेऊन इकडून चालला होता, जेवायला थांबला. पोट सुटलंय, केस गेलेत, गप्पपणा तोच. तेवढ्यात सेल्विन आला. त्याने नेफ्तालीला मागून मिठी मारली, समोर बसला आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस, भावा. तू तुझ्या परीने केलंस. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

नेफ्तालीने घास गिळला. त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, पावसाळ्यात दारात आलेल्या बेडकाकडे बघावं तसं.

"मीठ दे इकडे," तो म्हणाला.

सेल्विनने मीठ दिलं.