दोनशे छप्पन्न मुके व्हॉल्व

"शून्य आलं की घरी जायचं," असं काका म्हणायचे. सकाळी कामावर येताना म्हणायचे, डबा उघडताना म्हणायचे, कुणी फार वेळ बोलत बसलं तर त्यालाही म्हणायचे. पंपिंग स्टेशनातल्या लोकांनी त्यांचं नावच शून्यकाका पाडलं होतं. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. शून्य ही त्यांच्या लेखी मानाची गोष्ट होती.

कामाला लागले तेव्हा ते वॉलमन होते. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घ्यायची, गल्लोगल्ली हिंडायचं, रस्त्यातलं झाकण उचलून व्हॉल्व फिरवायचा. पाण्याची चाहूल त्यांना कानाआधी तळहातांना लागे. चावीच्या दांड्यातून ते थरथरत वर येई आणि आल्याचं सांगून जाई. पुढे व्हॉल्वांना मोटारी बसल्या, प्रत्येकाशेजारी एक पेटी आली आणि साऱ्या पेट्या एका तारेने स्टेशनातल्या संगणकाला जोडल्या गेल्या. बाकीच्या वॉलमननी बदली मागून घेतली. काकांनी एक जाडजूड पुस्तक मिळवलं. त्यातलं अर्धं त्यांना कळलं नाही. उरलेल्या अर्ध्याच्या जोरावर त्यांनी शेल स्क्रिप्ट लिहायला घेतली.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेली कामांची चिठ्ठी. काकांची चिठ्ठी साधी होती. प्रत्येक व्हॉल्वला सांगायचं, उघड. मग विचारायचं, उघडलास का? जो उत्तर देणार नाही तो मुका. मुक्यांची यादी पडद्यावर छापायची आणि संपताना एकूण मुके किती, तो आकडा मागे ठेवून जायचं. शून्य म्हणजे सगळे बोलले. मग पंप सुरू. ही चिठ्ठी चौदा वर्षं रोज पहाटे चालली. काका तिच्यासमोर हाताची घडी घालून उभे राहत, यादी वाचत, आकडा बघत आणि मगच पंपाच्या बटणाला हात लावत.

मग नवी इंजिनिअर आली. अजून नोकरीत कायम व्हायची होती. तिने सगळा कारभार संगणकाच्या एका कडक भाषेत लिहायला घेतला. त्या भाषेत प्रत्येक वस्तूचा प्रकार आधी सांगावा लागे आणि एका प्रकारच्या जागी दुसरा ठेवला की ती भाषा प्रोग्रॅमच तयार करून देत नसे.

"हे बघा काका," ती म्हणाली, "पंप सुरू करायचं फंक्शन असं केलंय, की त्याला 'व्हॉल्व उघडले' हा दाखला द्यावाच लागतो. दाखला नसेल तर पंप चालूच होणार नाही."

"आणि दाखला कोण देणार?"

"तुमची स्क्रिप्ट. माझं फंक्शन तिला बोलावतं. तिने शून्य दिलं की दाखला, नाहीतर नाही."

"म्हणजे नवरी तू नटवणार आणि सही माझी."

"तुमची सही चौदा वर्षांची आहे. मी कशाला नवी शिकू?"

काका हसले. तेव्हापासून पडद्यासमोर हाताची घडी घालून उभं राहायची गरज उरली नाही. काका चहा गाळू लागले.

तीन आठवडे सुरळीत गेले. त्यातच नव्या वसाहतीचे आठ व्हॉल्व जोडले गेले. एका सकाळी रस्ता खोदणाऱ्यांनी मुख्य तार तोडली. व्हॉल्व सगळेच्या सगळे मुके, सगळे बंद. आणि पंप मात्र सुरू झाला. पाण्याला वाट नव्हती. दहाव्या मिनिटाला मोठी जलवाहिनी फुटली. कोपऱ्यावरच्या बेकरीत गुडघाभर पाणी शिरलं, पिठाची पोती फुगून उलली, आणि अर्धं शहर तीन दिवस बादल्या घेऊन टँकरमागे धावलं.

चौकशी बसली. प्रोग्रॅमच्या नोंदीत लिहिलं होतं : स्क्रिप्टचं उत्तर शून्य. साहेब म्हणाले, "स्क्रिप्ट चौदा वर्षांची, प्रोग्रॅम तीन आठवड्यांचा. घोळ कुठं आहे हे सांगायला ज्योतिषी लागतो का?"

इंजिनिअरने दोन दिवस शोधलं. तीन पेट्यांच्या तारा काढल्या, उत्तर तीन आलं. चाळीस काढल्या, चाळीस आलं. मुख्य तार काढून बघू द्यायला साहेब तयार नव्हते. शहराचं पाणी पुन्हा थांबलं असतं. शुक्रवारी दुपारपर्यंत तिने कारण दाखवायचं, नाहीतर सामान आवरायचं, असं ठरलं. ती जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर बसून राही. काका तिच्याजवळून जात आणि काही बोलत नसत. त्यांच्या निवृत्तीला बावीस दिवस होते. निरोप समारंभात त्यांची स्क्रिप्ट चौकटीत घालून भिंतीवर लावायची, असं साहेबांनी जाहीर करून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी काका घरीच बसले. त्यांचा जुना संगणक स्वयंपाकघरात खिडकीखाली होता. जुने व्हॉल्व दोनशे अठ्ठेचाळीस आणि नवे आठ, दोनशे छप्पन्न. हा आकडा त्यांच्या स्क्रिप्टने आजवर कधी उच्चारला नव्हता. त्यांनी एका ओळीची चिठ्ठी लिहिली : काही करू नकोस, फक्त दोनशे छप्पन्न मागे ठेवून जा. चालवली. उत्तर आलं, शून्य.

दोनशे पंचावन्न ठेवायला सांगितलं, दोनशे पंचावन्नच आलं. दोनशे सत्तावन्नला आलं एक. गाडीच्या किलोमीटरचं मीटर शेवटच्या आकड्यावरून पुन्हा शून्यावर येतं, तसं. मागे ठेवायच्या आकड्याला जागाच दोनशे पंचावन्नपर्यंतची होती. पुस्तकात ते लिहिलं असणार. न कळलेल्या अर्ध्यात.

बायको लसूण सोलत होती. "काय आलं?"

"शून्य."

"मग उठा, जेवून घ्या. रोज तुम्हीच म्हणता ना."

काका उठले नाहीत. तिने सुरी खाली ठेवली. काकांनी तिला सगळं सांगितलं.

"कुणी विचारलंय तुम्हाला?" ती म्हणाली.

"नाही."

"मग बावीस दिवस तोंडाला कुलूप लावायला काय होतं?"

"काही होत नाही. तेच तर."

तिने लसणाच्या साली गोळा केल्या. "निदान सदरा तरी धड घाला," ती म्हणाली. "भोगायला जाताय."

दुपारी साहेबांच्या खोलीत काकांनी ती एक ओळ सर्वांसमोर चालवली. पडद्यावर शून्य आलं. मग साहेब हळूच म्हणाले, "काका, हे आत्ता कशाला? तांत्रिक दोष असं लिहू. तिलाही सांभाळून घेऊ."

"तिला कशाला सांभाळायचं? तिने काय केलंय? माझी चूक आहे, माझ्या नावावर लिहा."

"यादी छापली जात होती," इंजिनिअर म्हणाली. "माझं फंक्शन ती न वाचता टाकून देत होतं. तीही चूकच."

"तुझी तू लिही. माझ्या ओळीत घुसू नकोस."

साहेबांनी दोन्ही लिहिलं. इंजिनिअरची नोकरी राहिली. काकांच्या नावापुढे ठपका आला. निरोप समारंभाचा विषय पुन्हा निघाला नाही.

रविवारी दुपारी, पाणी सोडायची वेळ नसताना, मुख्य तार काढायची परवानगी मिळाली. काकांनी सांगितलं, तिने लिहिलं : एकही मुका असेल तर फक्त एक मागे ठेव. किती आणि कोण, ते यादीत. तिने फंक्शनला यादी वाचायला लावली. आकडा शून्य, यादी रिकामी आणि उत्तरं दोनशे छप्पन्न, तिन्ही जुळली तरच दाखला. तार काढली. यादी पडद्यावरून धावत गेली आणि पंप जागचा हलला नाही. तार लावली. पंप गुरगुरला.

"शून्य आलं, काका."

"यादी वाचलीस?"

"रिकामी आहे."

"उत्तरं मोजलीस?"

"दोनशे छप्पन्न."

काकांनी डबा पिशवीत टाकला. दाराजवळ त्यांची जुनी लोखंडी चावी टेकलेली होती, इतकी वर्षं कुणी हलवली नव्हती. ती त्यांनी खांद्यावर घेतली. रखवालदार स्टुलावरून उठला. सामान बाहेर न्यायला चिठ्ठी लागते, हे त्याच्या ओठावर आलं होतं. त्याने फाटक उघडलं.

काका रस्त्याच्या कडेने निघाले. कोपऱ्यावरच्या झाकणाशी थांबले, चावीचं टोक त्यावर टेकवलं आणि दांड्यातून थरथर वर येईपर्यंत त्याला तळहात लावून उभे राहिले. मग चावी उचलून बेकरीच्या बाजूला वळले. पंपाने स्टेशनच्या खिडकीची काच थरथरत होती. तिच्याआडून इंजिनिअर पाहत होती, आणि फाटकातून रखवालदार.