आत्या, हळूसाहेब आणि रस्त्यातली टिटवी

माझी आत्या अॅम्ब्युलन्स चालवते. तिचा आवाज असा, की ती घरात आहे की नाही हे गल्लीच्या कोपऱ्यावरच कळतं. आतोबा शिंपी आहेत. त्यांच्या मशीनच्या खडखडाटात बोलून बोलून आपला आवाज चढला, असं ती सांगते. आतोबा मान वर न करता म्हणतात, "मशीन मी लग्नानंतर घेतलं."

आमचं गाव सीमेला टेकलेलं. मध्ये पाणथळीचं अभयारण्य, अर्धं आमचं आणि अर्धं पलीकडच्या देशाचं. आमच्या बाजूच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं तर डोंगराला वळसा घालून अख्खी सकाळ जाते. पलीकडचं हॉस्पिटल मात्र अभयारण्य ओलांडलं की समोरच. त्यांची अॅम्ब्युलन्स भंगारात गेलेली, आमची धडधाकट. हे दोन्ही सरकारांच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली, पण आलं एकदाचं. करार झाला. गाडी आमची, खाटा त्यांच्या, रस्ता दोघांचा.

अट एकच होती, आणि ती घातली होती आमच्या बाजूच्या वनाधिकाऱ्यांनी. अभयारण्यात सायरन नाही, हॉर्न नाही, वेग बैलगाडीचा. हे साहेब स्वतः इतके हळू बोलत, की समोरच्याला पुढे वाकावं लागे. गाव त्यांना हळूसाहेबच म्हणायचं.

आत्याने अट मनाला लावून घेतली. "हॉर्नशिवाय गाडी म्हणजे जिभेशिवाय माणूस," ती म्हणाली. सवयीने हात हॉर्नवर जायचा, म्हणून आतोबांनी त्यावर बसेल अशी छोटी गादी शिवून दिली. सगळ्यात नाराज झाले ते पेशंट. पाय मोडलेल्या एका आजोबांनी तर गाडीत झोपल्या झोपल्या विचारलं, "सायरन नाही, मग मी आजारी आहे हे लोकांना कळणार कसं?" तेव्हापासून आत्या अभयारण्याच्या फाटकापर्यंत सायरन असा काही वाजवायची, की पुढच्या शांततेची भरपाई आधीच होऊन जाई.

एका दुपारी फोन आला तो हळूसाहेबांच्या ऑफिसातून. साहेबांच्या पोटात मुतखड्याची कळ उठली होती. आत्या आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरला घेऊन पोचली, तर साहेब टेबलाखाली आडवे. ओरडत होते, पण तेही हळू.

सिस्टरने इंजेक्शन दिलं, गाडी निघाली आणि अभयारण्याच्या मधोमध आत्याने अचानक ब्रेक लावला. रस्त्यात टिटवी बसली होती. खडीत, नेमकी चाकाच्या चाकोरीत, अंड्यांवर. दोन्ही बाजूंना चिखल. गाडी बाजूने काढायला जागाच नव्हती. टिटवी उठली आणि पंख पसरून गाडीवर ओरडायला लागली.

"एवढ्याशा जिवाचा केवढा आवाज," आत्या म्हणाली. गादी उचलून तिने मागे विचारलं, "साहेब, वाजवू का? एकदाच."

"नाही," मागून आवाज आला.

"तुमच्याच पोटात दुखतंय म्हणून विचारते."

"बाई, अंडी आहेत ना? मग नाही." आणि पुन्हा कण्हणं.

मग आत्याने हॉस्पिटलला फोन लावला. तिकडे मोकळी गाडी एकच होती, धुवायच्या चादरी नेणारी. पण तिला अभयारण्यात यायचं तर पलीकडच्या वनाधिकारी मॅडमची परवानगी हवी. आत्याने मॅडमना फोन लावून साहेबांच्या कानाला धरला.

"परवानगी एक दिवस आधी मागायची असते, साहेब," मॅडम म्हणाल्या. "नियम तुम्हीच सुचवला होता."

"हो," साहेब कळवळून म्हणाले. "चांगला नियम आहे."

मॅडमनी त्यांचं कण्हणं ऐकलं. "बरं, तुम्ही कालच मागितली होती असं मी समजते."

चादरींची गाडी घरट्याच्या पलीकडे येऊन उभी राहिली. तिचा ड्रायव्हर लाँड्रीवाला, किडकिडीत आणि चिखलाला घाबरणारा. स्ट्रेचर पुढून आत्याने धरलं, मागून त्याने, आणि घरट्याला लांबून वळसा घालत दोघं गुडघाभर चिखलातून निघाले. टिटवीने वरून झडप घालायला सुरुवात केली. उताणे पडलेले साहेब तिच्या बरोबर खाली. सिस्टरने त्यांच्या तोंडावर इंजेक्शनचा ट्रे धरला.

"तो बाजूला घ्या," साहेब म्हणाले, "मला दिसत नाहीये."

तेवढ्यात लाँड्रीवाल्याचा पाय रुतला, स्ट्रेचर तिरकं झालं, साहेब घसरले, आणि आत्या एवढ्या जोरात "धर" म्हणाली, की टिटवीसुद्धा क्षणभर गप्प झाली. साहेबांनी काकुळतीने आत्याकडे पाहिलं. "हो हो, हळू," ती पुटपुटली.

मळक्या चादरींच्या ढिगावर पहुडून साहेब परदेशी रवाना झाले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत कळ बरीच ओसरली होती. डॉक्टर म्हणाले, खडा खाली सरकलाय, पाणी पीत राहा, पडेल. तो पडला की नाही याची चौकशी आत्याने रोज फोन करून केली, आणि ती आमच्या अख्ख्या गल्लीने ऐकली.

अंडी फुटेपर्यंत मग तोच शिरस्ता झाला. इकडून आत्या पेशंट आणायची, घरट्याला वळसा घालून उचलून द्यायची, तिकडून चादरींची गाडी घेऊन जायची. लाँड्रीवाल्याने गमबूट घेतले. चिखलात उभं राहून दोघं एकमेकांच्या घरच्यांची विचारपूस करू लागले. मळक्या चादरींवर पेशंट येताहेत हे वरपर्यंत गेलं, तेव्हा दोन्ही सरकारांनी मिळून पलीकडेही अॅम्ब्युलन्स दिली. ती लाँड्रीवालाच चालवतो. नव्या गाडीचा गिअर कसा टाकायचा हे त्याला आत्याने शिकवलं. तो सांगतो, शिकवणीपासून एका कानाने जरा कमी ऐकू येतं.

पिल्लं बाहेर आली त्या सकाळी आत्या नेमकी दाढ काढायला गेली होती. पिल्लं अंगावरची ओल सुकताच आईमागून तुरुतुरु गवतात गेली. ते पाहायला हळूसाहेब एकटेच होते. संध्याकाळी त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा गाल सुजलेली आत्या फारच चिडली.

"मला बोलावलं का नाही? दाढ काय, उद्या काढली असती."

"बोलावणार होतो," साहेब म्हणाले, "पण तुमचा आवाज ऐकून पिल्लं परत अंड्यात गेली असती."

हळूसाहेबांनी आयुष्यात केलेला हा पहिलाच विनोद असावा. आत्या तो अजून सगळ्यांना सांगते, गालाची सूज कधीच उतरलीय, त्यामुळे पूर्ण आवाजात.